रिकाम्या पाइपाचा नकाशा

नकाशाबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. पालिकेच्या इमारतीत शिपायापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना नकाशाबाईच म्हणत. त्यांच्या नवऱ्यालाही रस्त्यात कोणी भेटलं तर "नकाशाबाईंचे मिस्टर ना तुम्ही?" असंच विचारत. सव्वीस वर्षं त्या नकाशे काढायच्या आणि सांभाळायच्या कामावर होत्या. खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. एक तिरकं टेबल, दोन लोखंडी कपाटं आणि भिंतीला लागून रचलेली पत्र्याची नळकांडी. प्रत्येक नळकांड्यात गुंडाळलेले नकाशे. गटारं, नळ, दिव्यांचे खांब, शाळेची कुंपणं, कोणाच्या परसातून काय जातं, सगळं तिथं होतं. रस्ता खोदायचा झाला की मुकादम आधी त्यांच्या दारात उभा राहायचा.

"बाई, खाली काय आहे?"

बाई कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या, नळकांडं काढायच्या आणि सांगायच्या. एकदा मुकादमाने न विचारता कुदळ मारली आणि अख्ख्या आळीला दोन दिवस कोरडं ठेवलं. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

बोलायला त्या तुटक होत्या. चूक दिसली की गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. एका नव्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत पालिकेची हद्द ओढ्याच्या पलीकडे आहे असं सांगितलं. बाई सगळ्यांसमोर "अलीकडे" एवढंच म्हणाल्या. साहेब चार वर्षं राहिले, पण पुन्हा हद्दीचं नाव त्यांनी काढलं नाही.

बाईंचा नवरा दात बनवायचा. म्हणजे दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या कवळ्या आणि कॅपा तो घरच्या पुढच्या खोलीत तयार करायचा. पूर्वी जबड्यांचे साचे खोक्यात घालून बसने यायचे. मग डॉक्टरांनी तोंडात फिरवायचे कॅमेरे घेतले आणि साच्याऐवजी जबड्याची फाइल यायला लागली. ती काही केल्या घरी उतरेना. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून जे काय इंटरनेट यायचं, त्यावर एक फोटो उघडायला दिला की माणूस चहा पिऊन, कप विसळून परत येई, तरी फोटोतल्या माणसाची हनुवटी आलेली नसे. म्हणून तो आठवड्यातून तीनदा सकाळच्या बसने खालच्या शहरात जायचा, तिथल्या ग्रंथालयात बसून फाइली पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि दुपारी दोनला परत यायचा.

"लोक शहरात दात दाखवायला जातात," तो म्हणायचा, "मी आणायला जातो."

त्या नदीकाठी एकाखाली एक अशी पाच गावं होती. सगळ्यात वर तलावाजवळचं लहानसं वरचं गाव, मग दोन वस्त्या, मग नकाशाबाईंचं गाव, आणि सगळ्यात खाली शहर. इंटरनेटची मोठी लाइन शहरापर्यंत आली होती. वरच्या चारही गावांनी कंपनीकडे अर्ज केले, प्रत्येकाने आपापला, वेगवेगळ्या महिन्यात. चौघांनाही उत्तर आलं ते एकच: आपला भाग आमच्या नकाशावर सेवा मिळत असलेला असा दाखवला आहे. सोबत नकाशा. सगळं खोरं हिरवंगार.

मुख्याधिकाऱ्यांनी तो कागद फाइलला लावायला बाईंकडे पाठवला. बाईंनी तो टेबलावर पसरला आणि त्यांचं डोकंच फिरलं. इंटरनेट नव्हतं याचा राग त्यांना होताच, पण हा राग निराळा होता. नकाशावर खोटं रंगवलेलं होतं. कंपनीने भागाचे चौकोन पाडले होते आणि एका चौकोनात एका घराला जरी जोडणी असली तरी सगळा चौकोन हिरवा केला होता. हमरस्त्याला लागून असलेल्या एका वकिलाच्या बंगल्यापायी तीनशे घरं हिरवी झाली होती.

पुढचे सहा रविवार बाई घरोघर हिंडल्या. अकराशे चाळीस घरं. तिथल्या तिथं वेग मोजून घेतला आणि आपल्या नकाशावर घराघराला टिंब दिलं. हिरवी टिंबं भरली एकोणीस. बाकी सगळी लाल.

"गावाला गोवर आलाय," नवरा नकाशा बघून म्हणाला.

तो नकाशा फिरत फिरत वरच्या गावातल्या सिस्टरांपर्यंत गेला. सिस्टर म्हणजे तिथल्या दवाखान्याच्या परिचारिका. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे सिस्टर. एक्स-रे काढला की मोठ्या रुग्णालयात दाखवायला तो दुधाच्या गाडीने पाठवायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं, हे त्यांनी नऊ वर्षं केलं होतं. पाच गावांची मिळून एक पाणी समिती होती, बेचाळीस वर्षांपूर्वी तलावाची पाइपलाइन टाकली तेव्हाची. यंदा तिच्या अध्यक्षपदाची पाळी वरच्या गावाची होती आणि गावाने सिस्टरांना पुढे केलं होतं. त्यांनी बैठक बोलावली आणि नकाशाबाईंना फोन केला.

"बाई, तुमचा गोवराचा नकाशा घेऊन या."

बैठक पाणी समितीच्या कार्यालयात झाली. सिस्टरांचं म्हणणं सरळ होतं. एकेकट्या गावाला कंपनी विचारत नाही. पण पाचही गावांनी मिळून स्वतःची केबल टाकली, तर शहरातल्या मोठ्या लाइनला आपण आपलेच जोडून घेऊ. पाणी एकत्र आणलंच आहे की.

"सिस्टर, हे बोलायला ठीक आहे," खालच्या शहराचे नगराध्यक्ष म्हणाले. गोरेगोमटे, हसतमुख गृहस्थ, पण शब्दात सापडायचे नाहीत. "एकतीस किलोमीटर खोदायचं. वरचा अर्धा रस्ता कातळाचा. आम्हाला म्हातारं करणार तुम्ही."

"खोदायचं कशाला?" नकाशाबाई मागच्या रांगेतून म्हणाल्या. "पाइप आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. बाईंनी नळकांड्यातून जुना निळा नकाशा काढला. पाण्याच्या मोठ्या नळाशेजारी त्याच चरात एक बारीक तुटक रेघ होती, आणि त्यावर शब्द होता: राखीव. पंपघरांना आपसात टेलिफोन करता यावा म्हणून तेव्हा एक रिकामा पाइप टाकला होता. टेलिफोन काही झाला नाही. पाइप विसरला गेला.

"बेचाळीस वर्षांत कोणी पाहिलाय तो?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"मी पाहिलाय. कागदावर."

लोक हसले. पण चाचणीचा खड्डा घ्यायला कोणाची ना नव्हती.

पहिला खड्डा बाईंच्याच गावाच्या वेशीवर घेतला. नकाशात लिहिलं होतं: नळाच्या डावीकडे दोन हात. दोन हात मोजले, छातीइतकं खोदलं. माती आणि दगड. शंभर पावलं पुढे दुसरा घेतला. त्यात एक फुटकी बरणी निघाली. बघायला चाळीसेक माणसं जमली होती आणि त्यांची चांगली करमणूक चालली होती. मुकादमाने कुदळ टेकवून घाम पुसला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "बाई, कागदावर पाइप टाकायला खोदावं लागत नाही."

बाईंनी नकाशा गुंडाळून नळकांड्यात घातला. घरी येऊन त्यांनी चपला काढल्या आणि तशाच खुर्चीत बसून राहिल्या. सव्वीस वर्षांत त्यांचा नकाशा खोटा ठरला नव्हता. हा तर त्यांनी काढलेलाही नव्हता, त्यांच्या आधीच्या माणसाने काढलेला होता. पण लाज मात्र त्यांचीच गेली होती. नवऱ्याने चहा करून पुढे ठेवला. या वेळी त्याने विनोद केला नाही.

"तो पाइप घालणारा कोणी जिवंत आहे का?" त्याने विचारलं.

होता. वरच्या गावात पंपवाले मामा होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, पंपघराच्या नोकरीतून निवृत्त होऊनही रोज सकाळी पंपाचा आवाज ऐकायला फेरी मारणारे. दुसऱ्या दिवशी बाई रजा टाकून पहिल्या बसने गेल्या. मामा पंपघराच्या पायरीवर बसलेले होते. बाईंनी नकाशा त्यांच्या मांडीवर पसरला. मामांनी तो उलटा फिरवला, पुन्हा सुलटा केला.

"डावीकडे, बरोबर आहे."

"डावीकडे नाहीये, मामा. दोन खड्डे घेतले."

"कुठं तोंड करून?"

"म्हणजे?"

"डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे, पोरी?" मामा उठले, काठी टेकत नळाच्या रेघेवर उभे राहिले आणि तलावाकडे पाठ केली. "आम्ही पाण्याबरोबर चालत आलो. वरून खाली. पाणी जातं तिकडे तोंड. ही आमची डावी. तू गावातून वर तोंड करून मोजलंस. तुझी डावी ती आमची उजवी."

बाईंनी नकाशा उलटा फिरवून पाहिला. नकाशे सगळे खालच्या कार्यालयात बसून वाचले जायचे, म्हणून वाचणारा नकळत वर तोंड करायचा. एवढी साधी गोष्ट. त्यांना हसू आलं आणि मग इतकं आलं की मामाही हसायला लागले. का ते मात्र मामांना कळलं नाही.

तिसऱ्या खड्ड्याला बघायला सातच माणसं होती. कमरेइतकं खोदल्यावर फावडं काहीतरी मऊसर गोष्टीवर आपटलं. मुकादमाने हातांनी माती बाजूला केली. काळा प्लॅस्टिकचा पाइप, मनगटाएवढा, जसाच्या तसा. मुकादम खड्ड्यातून वर बघत म्हणाला, "बाई, आता गटारांच्या नकाशाचंही सांगून ठेवा. आपली डावी का पाण्याची डावी?"

पाइप सापडला, पण आतून मोकळा आहे का, हा पुढचा प्रश्न. समितीने नेमलेली एक इंजिनिअर मुलगी आली. तिच्याबरोबर हवेचा दाब देणारं मशीन होतं. पद्धत अशी: पाइपाच्या एका तोंडातून घट्ट बसेल असा बोंडूक, म्हणजे बुचासारखा गोळा, घालायचा, मागून हवा सोडायची, आणि तो पुढच्या चेंबरमधून बाहेर पडला की मधला तुकडा मोकळा. मग त्याच हवेने केबल फुंकून घालायची. तिच्याकडचे बोंडूक आजच्या मापाचे होते. या जुन्या पाइपाचं माप काही भलतंच होतं. एक बोंडूक सैल, दुसरा जाईना. कारखान्यातून करून मागवायचा तर सहा आठवडे.

"साचा काढून बनवता येतो का?" बाईंनी विचारलं.

"येतो, पण कोण बनवणार?"

त्या दिवशी दुपारी बाईंचे मिस्टर, गावचे दातवाले, आपली पेटी घेऊन खड्ड्यात उतरले. जबड्याचा ठसा घ्यायची गुलाबी पेस्ट त्यांनी पाइपाच्या तोंडात भरली, घड्याळ लावून चार मिनिटं थांबले आणि अलगद काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रबरासारखे सहा बोंडूक तयार होते, एकेक गुळगुळीत घासलेला.

"तोंड मोठं करा म्हणायची वेळ आली नाही," ते इंजिनिअर मुलीला म्हणाले. "पेशंट चांगला आहे."

पहिला बोंडूक आठशे मीटरांवरच्या चेंबरमधून अकरा मिनिटांनी बाहेर आला. अंगावर चिखल आणि एक शंखातली गोगलगाय, हादरलेली पण जिवंत. पंधरा दिवसांत सगळी लाइन तपासून झाली. एकतीसपैकी बावीस किलोमीटर मोकळे निघाले. नऊ किलोमीटर कुठे मुळांनी दाबले होते, कुठे दरड येऊन फुटले होते. तेवढंच खोदायचं. समितीत सगळ्यांचे चेहरे खुलले आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली.

गावं खरंच काहीतरी करतायत हे कंपनीच्या कानावर गेलं. तिने एकट्या शहराला निरोप धाडला: तुम्हाला आम्ही वर्षाच्या आत नवी लाइन देतो, तुम्ही या भानगडीत पडू नका. नगराध्यक्षांनी सिस्टरांना फोन करून गोड शब्दांत सांगितलं, की शहराचं हित बघणं हे त्यांचं कर्तव्य आहे आणि बाकीच्यांना त्यांच्या शुभेच्छा आहेत.

शुभेच्छांनी केबल जुळत नाही. पाइपाचे शेवटचे चार किलोमीटर शहराखालून जात होते आणि मोठी लाइनही तिथंच होती. शहर बाहेर पडलं तर वरची चार गावं म्हणजे तोंड बांधलेली पिशवी.

शहराच्या सभेत बोलायला सिस्टरांनी वेळ मागून घेतला. नकाशाबाई त्यांच्याबरोबर गेल्या, पण त्याआधी दहा दिवस त्या नवऱ्याच्या बसने शहरात जात होत्या. कारण नवरा एकदा सहज म्हणाला होता: "ग्रंथालयात मी एकटा बाहेरगावचा. बाकी पेनड्राइव्ह घेऊन येणारे सगळे शहरातलेच असतात. रेल्वेच्या रुळांपलीकडचे." बाईंनी रुळांच्या पलीकडे जाऊन घरं मोजली. सहाशे बारा.

सभागृह भरलेलं होतं. सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांनी कंपनीचं नकाराचं पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं तुमच्या नळाला आमच्या तलावाचं पाणी येतंय. त्या वेळी आमच्या आजोबांनीही असं पत्र पाठवायला हवं होतं. आपला भाग आमच्या नकाशावर ओला दाखवला आहे, सबब पाणी मिळणार नाही."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षही हसले. पण हसून मत बदलत नाही हे त्यांना आणि सिस्टरांना दोघांनाही ठाऊक होतं.

"नवी लाइन आम्हाला मिळतेच आहे," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही का थांबावं, एवढंच सांगा."

मग नकाशाबाईंनी भिंतीला नकाशा लावला. शब्द नेहमीसारखेच तुटक होते.

"ही कंपनीने तुम्हाला देऊ केलेली लाइन. रुळांच्या अलीकडे संपते. पलीकडचे चौकोन आधीच हिरवे आहेत, म्हणून तिकडे लाइन नाही. मी मोजलं. सहाशे बारा घरांपैकी हिरवी अकरा. आमचा पाइप रुळांच्या पलीकडून येतो."

मग डावीकडच्या बाकावरच्या एक सदस्या उभ्या राहिल्या. दोन वर्षांत त्या सभागृहात फारशा बोलल्या नव्हत्या.

"ते कोपऱ्यातलं टिंब माझं घर आहे," त्या म्हणाल्या. "कंपनीच्या कागदावर हिरवं, बाईंच्या कागदावर लाल. माझी मुलगी परीक्षेचा फॉर्म भरायला ग्रंथालयात जाते. बाईंचा कागद खरा आहे."

मतदान झालं. चौदा विरुद्ध अकरा, शहर समितीत राहिलं. अध्यक्ष कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्राला सांगितलं, की पाच गावांच्या सहकार्याची कल्पना त्यांच्या मनात पहिल्यापासून होती. सिस्टरांनी ते वाचून कात्री आणली आणि कात्रण दवाखान्याच्या फळ्यावर लावलं, डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी.

शहराने एक अट मात्र घातली. पाचही गावांचे जमिनीखालचे नकाशे एका ठिकाणी, शहरात हवेत, म्हणजे उद्या कोणी कोणाची केबल तोडणार नाही. अट वाजवी होती आणि म्हणूनच बाईंना ती लागली. आपली नळकांडी ट्रकात चढवून द्यायची या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली: मूळ कागद ज्या गावाचा त्या गावात राहील, शहरात एकच नवा जोडनकाशा, आणि तो त्या काढतील. अध्यक्षांनी मान्य केलं. केबल गावापर्यंत आली तशी नवऱ्याची बस थांबली आणि बाईंची सुरू झाली. आठवड्यातून तीन दिवस त्या खाली जायला लागल्या.

जोडनकाशा काढताना कळलं की शेजारशेजारच्या गावांचे नकाशे हद्दीवर जुळतच नाहीत. एकाचा रस्ता दुसऱ्याच्या शेतात शिरत होता. एका ठिकाणी दोन्ही गावांनी सोडून दिलेली चाळीस फुटांची पट्टी निघाली आणि तिच्यावर एक कुटुंब तीन पिढ्या राहत होतं. बाई प्रत्येक हद्दीवर चालून आल्या. जिथं डावी-उजवीचा प्रश्न होता तिथं त्यांनी बारीक अक्षरात टीप घातली: डावी बाजू, पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने. आणि त्याखाली, नकाशावर कधी नसतं ते, माहिती देणाऱ्याचं नाव घातलं. पंपवाले मामांचं पूर्ण नाव. ते कागदावर उतरताना मामांना जाऊन तीन महिने झाले होते. केबल वरच्या गावात पोचलेली त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या मुलीला बाईंनी त्या भागाची एक प्रत नेऊन दिली. मुलीने टिपेवर बोट ठेवलं आणि ती म्हणाली, "बाबांना वाटायचं, आपण फक्त पंप चालवला."

कामाला एकोणीस महिने लागले. वरच्या गावात जोडणी झाली त्या दिवशी सिस्टरांनी पहिला एक्स-रे पाठवला. रुग्णाने सदऱ्याची बटणं लावून होईतो उत्तर आलं: मनगट मोडलेलं नाही, मुरगळलंय. रुग्ण नाराज झाला. एवढ्या थाटात पाठवलेल्या फोटोतून काहीतरी दणदणीत निघेल असं त्याला वाटलं होतं. गावामागच्या सुळक्यापलीकडच्या सात घरांपर्यंत मात्र केबल गेलीच नाही. पाण्याच्या टाकीवर अँटेना लावून त्यांना जोडलं. वारा सुटला की ते तक्रार करतात, आणि तक्रार खरी असते.

दातवाल्यांचं म्हणाल तर पहिले सहा महिने कामाला तोटा नव्हता. फाइली घरबसल्या डोळ्यांची पापणी लवायच्या आत उतरायच्या. मग डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की फाइल जर कुठेही जाते तर ती दूरच्या मोठ्या कारखान्यातही जाते, आणि तिथलं मशीन रात्रीतून वीस कॅपा कापतं. काम निम्म्यावर आलं. पण पुढच्या दातांचा रंग मशीनला नीट जमत नाही. शेजारच्या दाताशी मिळताजुळता, जरासा पिवळट, कडेला पारदर्शक. असे दात आता त्यांच्याकडे लांबलांबून येतात, चांगले फोटो बघून ते रंग जुळवतात. पूर्वीपेक्षा काम कमी, पण मनासारखं.

"इंटरनेटने अर्धे दात पाडले," ते सांगतात, "आणि उरलेले अर्धे चमकवले."

बाईंची नोकरी आता एक वर्ष राहिली आहे. मागच्या महिन्यात डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून तीन गावांची माणसं त्यांना भेटायला आली. जिन्याखालच्या खोलीत पाच जण दाटीवाटीने उभे राहिले. त्यांच्याकडेही हिरवा नकाशा होता, आणि तिन्ही गावांचं आपसात पटत नव्हतं. प्रत्येकाने आपली बाजू आधी सांगायला घेतली. बाईंनी चष्मा नाकावर आणला आणि हात वर करून त्यांना थांबवलं.

"हद्द शेवटची कधी मोजली?"

कोणालाच माहीत नव्हतं.

"मग सोमवारी येते," बाई म्हणाल्या. "तिन्ही गावांचं एकेक माणूस पाठवा. आणि बूट घालून पाठवा, चालायचंय."